कोठीचं कडवं

मंगलाष्टक लग्नात कुणीही ऐकत नाही. पण त्यात आपलं नाव नसलं, तर माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल ठेवत नाहीत. हे मी बारा वर्षं बघत आलेय, कारण मंगलाष्टकं लिहिते मी आणि माईकवर म्हणतेही मीच. आठवड्याचे सहा दिवस लोणी देवकरला एका कारखान्यात पॅकिंगला असते, सातव्या दिवशी लोकांची लग्नं गाते. शिक्षण दहावी नापास. वृत्तं शिकले रद्दीच्या गठ्ठ्यातल्या एका व्याकरणाच्या पुस्तकातून. त्याची अर्धी पानं वाळवीनं खाल्ली होती, पण शार्दूलविक्रीडिताचं पान शाबूत होतं आणि मंगलाष्टकाला तेवढंच लागतं. एका ओळीत एकोणीस अक्षरं. कुठं आखूड यायचं, कुठं लांब, हे ठरलेलं. तिथं वशिला चालत नाही. या दोन तालुक्यांत वशिला न चालणारी तेवढी एकच जागा मला माहीत आहे.

सांगवीच्या मोहनरावांनी मला बोलावलं ते त्यांच्या नातीच्या, श्रेयाच्या लग्नासाठी. मोहनराव म्हणजे बारा एकर ऊस, तीन लेकींच्या पाठीवर दोन मुलगे आणि साखर कारखान्यातलं एक माजी संचालकपद. त्यातलं 'माजी' ते कधी उच्चारत नाहीत. गुरुवारी मला सुट्टी. इंदापूरहून एसटीनं बारामती, तिथून वडापच्या जीपनं सांगवी, असं करत मी पोचले. हॉलमध्ये सोफ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. मोहनरावांनी पत्रिकेच्या पाठीमागं लिहिलेली यादी माझ्या हातात दिली. त्रेचाळीस नावं.

"मोहनराव, हे मंगलाष्टक आहे. मतदार यादी नाही."

"आवो, मानूस दुखावतंय. बसवा कसं तरी."

मी बोटांवर अक्षरं मोजायला लागले. मोजता मोजता लक्षात आलं की खुद्द त्यांचं नाव तर असं बसतंय की जणू वृत्त त्यांच्या मापानंच शिवलंय. मी तिथल्या तिथं ओळ म्हणून दाखवली, "आले मोहनराव घेउन सुना, नाती नि सारी मुले."

मोहनरावांची छाती फुगली. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ विजयसिंह बसले होते. त्यांचा कप बशीवर आपटला.

"आन माझं?"

मी मोजलं. परत मोजलं. "तुमचं बसत नाही."

"म्हंजी?"

"तीन आखूड, मग एक लांब, मग परत एक आखूड. असा खड्डा ह्या वृत्तात कुठंच नाही."

"दादाचं बसतंय आन माझं न्हाय?" विजयसिंह उठून उभे राहिले. "हे वृत्त काढलं कुनी?"

"फार जुनं आहे ते. हजार वर्षांच्या वर झाली."

"तवाबी हेच संचालक आसतील!"

मी त्यांना समजावलं की नुसतं 'विजय' बसू शकतं, पुढचा सिंह तेवढा काढावा लागेल.

"सिंह काढला तर मागं ऱ्हायलं काय?"

"शेपूट!" आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला.

विजयसिंह खाली बसले. त्या घरात त्यांना खाली बसवणारा एवढा एकच आवाज होता, आणि तो सिंधुबाईंचा होता. सिंधुबाई म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. एकोणिसाव्या वर्षी नवरा वारला तेव्हा माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. भाऊ त्यांना आक्का म्हणतात, बाकी सगळी सांगवी आत्याबाई म्हणते. मी आत डोकावले तर त्या शेंगा फोडत होत्या. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू ती गानारी व्हय? आवाज बरा हाय तुझा. पन खोटं लई गातीस. मागच्या लग्नात त्या दारुड्या पोराला रामचंद्र म्हणालीस."

मला राग आला. मग आठवलं की त्यांचं बरोबर आहे.

निघताना मोहनरावांची बायको प्रयागबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हातात वांग्यांची पिशवी. पिशवी माझ्या हातात दिली, पण सोडेनात.

"पोरी, एक कडवं माझ्यातर्फे घालशील?"

"कुणावर?"

त्यांनी मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "वन्संवर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. या नणंद-भावजयीची भांडणं नदीपलीकडच्या गावांनाही माहीत आहेत. एकदा मिठाच्या बरणीवरून दोघी चार महिने बोलत नव्हत्या, निरोप कुत्र्याला सांगायच्या.

"मला तिसरी बी लेकच झाली," प्रयागबाई म्हणाल्या, "तवा सासूबाईंनी डिंकाचं लाडू बंद केलं. म्हनल्या, लेकीला कशाला पाह्यजेत लाडू. वन्सं रोज पोरीच्या दुपट्यात दोन लाडू गुंडाळून आनायच्या. आन देताना शिव्या. खा मेले, दूध न्हाय आलं तर पोर माझ्याच जिवाला लागंल. पंचेचाळीस वर्सं झाली. आजून म्या त्यांना बरं केलंत म्हनून म्हनलं न्हाय."

"मग म्हणा की. त्या शेंगा फोडतायत आत."

"तोंडावर?" प्रयागबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच गावंढळ. "तोंडावर म्हनलं की त्या काय तरी बोलनार, मग म्या बोलनार, आन परत मीठ. माईकवर कसं, उलट बोलता येत न्हाय. आन माझं नाव घालू नकोस."

"तुमचं नाव तसंही बसत नाही. पण सिंधुबाई बसतं. अगदी बरोबर बसतं."

"त्यांचं बसनारच," प्रयागबाई म्हणाल्या. "आडमुठी बाई कुठं बी बसती." आणि पिशवी सोडली. चार पावलं गेले तोवर परत हाक आली. "आन ऐक. त्या ऐकतील असं कर. लग्नात त्या कोठीत बसत्यात. घरातली पंधरा लगनं झाली, एकाला बी मांडवात आल्या न्हायत."

कोठी म्हणजे कार्यालयातली सामानाची खोली. साखर, तेल, काजू, सगळं तिथं कुलपात. भरवशाचं माणूस किल्ल्या घेऊन आत बसवायचं, असा रिवाज. आणि भरवशाचं माणूस म्हणून नेमकी विधवा बाई सापडते, हा पण रिवाजच. कुणी तिला मांडवात येऊ नको म्हणत नाही. फक्त किल्ल्या हातात देतात. इतक्या सभ्यपणे माणूस बाहेर काढायची युक्ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही.

ते कडवं मी कारखान्यात लिहिलं. हातानं खोके बंद करत होते आणि बोटांवर अक्षरं मोजत होते. सुपरवायझरला वाटलं मी खोके मोजतेय, म्हणाला, वा. संध्याकाळी आठही कडवी मोहनरावांना मोबाईलवर पाठवली. आठवं सिंधुबाईंचं.

दहा मिनिटांत फोन. "राजेश्वरीबाई, झकास झालंय. फकस्त आठवं काढा. तितं सभापतींचं घाला."

सभापती म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. पण बघा, इथंही माजी उच्चारायचं नाही.

"का काढू?"

"आवो, आक्का कपाळ मोकळं आसलेली बाई. शुभकार्यात, माईकवर, तिचं नाव..."

"पंधरा लग्नांची साखर तिच्या हातची चालली. नाव चालत नाही?"

"तसं न्हवं वो. तिलाच आवडायचं न्हाय."

बाईचं काहीही काढून घ्यायचं असलं की पुरुष तिच्याच आवडीचा दाखला देतात. हे मी फोनवर बोलले. आणखी बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. पण लग्न त्यांच्या घरचं होतं. शेवटी मी कडवं काढलं आणि सभापतींचं लिहिलं. सभापतींच्या नावात एकच लांब अक्षर होतं, म्हणून त्यांना नुसतं 'नेते' केलं.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंचा फोन आला, नातीच्या मोबाईलवरून.

"काढलंस व्हय?"

"काढलं."

मग "बरं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ते 'बरं' मला चपलेतल्या खड्यासारखं आठ दिवस टोचत राहिलं. लग्नाला निघताना मी कडव्याचा कागद पर्समध्ये टाकला. कशाला, मलाही माहीत नव्हतं.

लग्न बारामतीत, भिगवण रोडच्या एका कार्यालयात. मुहूर्त बारा चाळीसचा. आठशे माणूस. मी आधी कोठीकडं गेले. स्टेजच्या डाव्या अंगाला, भोजनगृहाला लागून ती खोली. सिंधुबाई साखरेच्या पोत्यावर बसल्या होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"आत्याबाई, अक्षतांना या की बाहेर."

"म्या आले तर हे कोन बघनार? त्यो म्हस्कू?" म्हस्कू म्हणजे आचाऱ्यांचा मुकादम. "एका हातानं जिलबी तळतंय आन दुसऱ्या हातानं काजू खिशात घालतंय."

"आजवर घरातल्या एका तरी जोडप्यावर टाकल्यात का?"

त्यांनी मुठीतले तांदूळ दाखवले. "हितनं टाकते. सावधान ऐकू आलं की. त्या भिंतीवर."

मी भिंतीकडं बघितलं. पलीकडं स्टेज होतं. त्या म्हणाल्या, "जा आता. दार लावून घे, माश्या येत्यात."

साडेबारा झाले. श्रेया आणि नवरा मुलगा समर्थ अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार घेऊन उभे. सभापतींचा पत्ता नाही. त्यांना त्या दिवशी अकरा लग्नं होती. गुरुजींनी आपले श्लोक म्हटले, मग माईक माझ्याकडं आला. मी पहिलं कडवं घेतलं, दुसरं घेतलं. मोहनरावांचं नाव आलं तसे त्यांनी चौफेर हात जोडले. विजयसिंहांनी मान दुसरीकडं फिरवली. सातवं संपलं. मी आठव्याला तोंड उघडणार तोच मोहनराव स्टेजच्या कडेला धावत आले.

"सभापतींचं आता नगं! ते आल्यावर! गाडी पेन्सिल चौकात हाय."

"मग मी काय म्हणू?"

"वढा!"

मी सातवं परत म्हटलं. पहिलं परत म्हटलं. गुरुजी घड्याळाकडं बोट दाखवायला लागले. समर्थ हार या हातातून त्या हातात घेत होता. मागच्या रांगांतून चुळबूळ ऐकू यायला लागली. जिलबीचा वास मंडपात येऊन बसला होता आणि आठशे माणसं सकाळपासून उपाशी होती. मोहनराव खालून दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं करत होते.

"संपलं माझं," मी माईक बाजूला धरून म्हणाले.

"कायबी म्हना! आजून एक!"

"काहीही?"

"आवो, कायबी!"

पर्स माझ्या खांद्यालाच होती. मी कागद काढला. स्टेजच्या पायरीशी प्रयागबाई उभ्या होत्या. त्यांनी कागद बघितला आणि पदर तोंडाला लावला. मी माझ्या सगळ्या ताकदीनं म्हटलं,

लाडू डिंक तुपातले लपवुनी, आणून जी दे मला,
माझी पोर कडेवरी फिरवुनी, संसार सांभाळला,
जीचे नाव न पत्रिकेत दिसले, ती सिंधुबाई बसे,
कोठीचे उघडा कवाड, म्हणते, कुर्यात् सदा मंगलम्!

आता कवितेचं काय होतं ते कवीच्या हातात नसतं. पहिल्या तीन ओळी कुणी ऐकल्या नाहीत. चौथी मात्र आठशे जणांनी ऐकली. भोजनगृहातही कर्णा लावलेला होता. कोठीचं कवाड उघडा, असं माईकवरून सांगितलं गेलंय, म्हणजे जेवणं सुरू झाली, असा लोकांनी सरळ अर्थ घेतला. मागच्या पाच रांगा एकदम उठल्या. खुर्च्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पंगत बसली!" म्हस्कू दोन वाढपी घेऊन कोठीच्या दारावर धडाधडा थापा मारायला लागला. "आत्याबाई, कवाड उघडा! माईकवरनं ऑर्डर हाय!"

कवाड उघडलं.

सिंधुबाई बाहेर आल्या. आधी त्यांनी म्हस्कूला एका हातानं बाजूला केलं, मग खुर्च्यांच्या मधून, पंगतीकडं निघालेल्या गर्दीला उलट्या दिशेनं कापत, थेट स्टेजसमोर. पंधरा लग्नांत पहिल्यांदा.

"आक्षदा पडल्या न्हायत आन जेवनं? कुनी सांगितलं कोठी उघडायला? कुनाचं डोस्कं फिरलंय?"

"आक्का, तू आत जा," मोहनराव म्हणाले.

"म्या सांगितलं, वन्सं," प्रयागबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. गर्दीतलेही थांबले, कारण या दोघींचं भांडण जेवणाहून बरं, हे सांगवीकरांना ठाऊक होतं.

"तुमी ऐकलंच न्हाय," प्रयागबाईंचा आवाज चिरकत होता. "दार लावून बसल्या व्हत्या. राजेश्वरी, परत म्हन."

"काय म्हननार हाय ही?" सिंधुबाईंनी माझ्याकडं बघितलं. "रामचंद्र?"

"नाही," मी म्हणाले. "या वेळी खरं आहे."

मी परत म्हटलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. सिंधुबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला, वाजू नये म्हणून. संपलं. त्या पायऱ्या चढून वर आल्या आणि माझ्या हातातल्या माईकला तोंड लावून म्हणाल्या,

"तूप न्हवतं."

आठशे माणसांना ऐकू गेलं.

"डालडा हुता. तूप कुठलं? आईनं बरनीला कुलूप घातलं हुतं. सगळ्या गावासमोर खोटं गाती ही!"

प्रयागबाईंनी ठरवलं होतं की माईकवर उलट बोलता येत नाही. तो बेत तिथंच बुडाला. पण त्या मागं हटल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, "मला तर तुपाचंच लागलं, वन्सं."

सिंधुबाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं. हे सांगवीत आजवर कुणी बघितलेलं नव्हतं. विजयसिंहांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी मोबाईल काढला होता, पण तोवर उशीर झाला.

मग त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, पायऱ्या उतरल्या आणि मोहनरावांच्या हातात ठेवला.

"जा. साखरंकडं ध्यान दे. म्हस्कूचं खिसं बघ."

"आक्का, आगं सभापती..."

"कोठी उघडी हाय, मोहना. काजू चाललं."

काजू खरंच चालले होते. मोहनरावांनी दाराकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, आणि किल्ल्या घेऊन पळत सुटले. मागून विजयसिंहांनी हाक मारली, "दादा, कवाड लावून घे, माश्या येत्यात!"

प्रयागबाईंनी मूठ पुढं केली. त्यातल्या निम्म्या अक्षता सिंधुबाईंनी घेतल्या. गुरुजींनी संधी साधली, सभापतींची वाट न बघता सावधान म्हटलं, अंतरपाट खाली आला, बँड सुरू झाला. सिंधुबाईंनी अक्षता फेकल्या. पण सवय इतक्या वर्षांची, मधे भिंत आहे असं धरून फेकायची. तांदूळ गोळीसारखे गेले आणि समर्थचा चष्मा उडाला. श्रेया हारासकट हसायला लागली, ती हसतानाच लग्न लागलं.

सभापती आले ते दहा मिनिटांनी. मांडवात मोकळ्या खुर्च्या, विजयसिंह आणि मी. त्यांनी विचारलं, "मोहनराव कुठंयत?"

"कोठीत," विजयसिंह म्हणाले. त्यांच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान होतं. "तितं लई बराबर बसत्यात ते."

सभापतींचं कडवं राहूनच गेलं. तसंही 'नेते'च होतं, दुसऱ्या कुणालाही चालेल.

मी पंगतीला बसले तर समोर जिलबी वाढायला सिंधुबाई. मागं प्रयागबाई, हातात मठ्ठ्याची बादली. एकीनं पानावर चार जिलब्या टाकल्या, दुसरी म्हणाली चार कशाला, तिला साखर असंल, पहिली म्हणाली तुला कुनी इचारलं. म्हणजे सगळं होतं तसंच चाललं होतं. जाता जाता सिंधुबाई परत वळल्या.

"ते तूप काढ त्यातनं. डालडा घाल."

"डालडा बसत नाही, आत्याबाई. ओळ मोडते."

"मोडू दे."

बारा वर्षांत मी कुणासाठी ओळ मोडलेली नाही. विजयसिंहांसाठी नाही, सभापतींसाठी नाही. उष्टा हात मांडीला पुसला, पर्समधून कागद काढला आणि मोडली.